सहा महिने पुणे, सहा महिने न्यू जर्सी: दिवस मोजण्यापासून घर बंद करण्यापर्यंत

लेक-जावई किंवा मुलगा-सून एडिसनला, स्वतःचा फ्लॅट कोथरूडला, आणि वर्षाचे दोन तुकडे. निवृत्तीनंतर ज्यांचं आयुष्य असं विभागलं जाणार आहे आणि ज्यांची ही पहिली किंवा दुसरीच फेरी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुण्याऐवजी नाशिक किंवा ठाणे असेल, न्यू जर्सीऐवजी टेक्सास असेल, तरी नव्वद टक्के मजकूर तसाच लागू पडेल.

ज्या घरात आपण राहत असतो तिथे काही बिघडलं तर लगेच कळतं. खरी गडबड होते ती मागे बंद ठेवलेल्या घरात आणि तारखांच्या हिशोबात. म्हणून तयारीचा मोठा भाग याच दोन गोष्टींवर खर्च करा. बॅगा भरणं शेवटच्या आठवड्यात होतं.

पहिलं काम: तुमचे दिवस कोण मोजतंय ते समजून घ्या

व्हिजिटर व्हिसा म्हणजे बी-२ वर जाणाऱ्यांचा नेहमीचा गोंधळ असा की पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का असतो आणि त्यावरून मुक्काम कितीही लांबवता येईल असं वाटतं. व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. सहसा सहा महिने मिळतात. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत अमेरिकी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून आय-९४ काढा, छापा, आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पासपोर्ट सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर मुदत पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच मिळू शकते. पासपोर्टला वर्षापेक्षा कमी अवधी उरला असेल, तर निघण्याआधी पुण्यातच नवा करून घ्या.

मुदत उलटली तर प्रकरण महागात पडतं. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला तीन वर्षं परत येता येत नाही, वर्षभर किंवा जास्त राहिलेल्याला दहा वर्षं. आजारपणामुळे खरोखर थांबावं लागलं, तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करता येतो. पण ती दरवर्षीची सवय करू नका. पुढच्या वेळी अधिकारी आधीचे सगळे मुक्काम बघतो, आणि जितके दिवस तिकडे राहिलात निदान तितके दिवस मध्ये भारतात काढलेले असले की प्रश्न कमी येतात. ‘किती दिवस, कोणाकडे, परतीचं तिकीट कधीचं’ एवढंच विचारतात. उत्तर खरं आणि छोटं द्या. ‘नातवंडं सांभाळायला आलोय’ हे आपल्याकडे प्रेमाचं वाक्य आहे, तिकडच्या काउंटरवर मात्र त्याचा अर्थ कामाला आलोय असा लागू शकतो. मुलांना भेटायला येत असाल तर तेवढंच सांगा.

ग्रीन कार्डवाल्यांचं गणित उलटं. त्यांना अमेरिकेत किती राहिलात हे कोणी विचारत नाही, बाहेर किती राहिलात हे विचारतात. सलग १८० दिवसांच्या आत परतलात तर सहसा अडचण येत नाही. त्याहून जास्त झालं की चौकशी होऊ शकते, आणि नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळ तुटल्याचं गृहीत धरलं जातं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. पुण्यात मोठं काम निघणार असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा घराचं रीडेव्हलपमेंट, तर निघण्याआधी आय-१३१ फॉर्म भरून री-एंट्री परमिट मागा. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं, नंतर बोटांचे ठसे द्यायला बोलावतात, आणि परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. वर्षातून एकदा पंधरा दिवस तोंड दाखवून आलं की कार्ड जिवंत राहतं, हा समज चुकीचा आहे. कार्ड कायमच्या वास्तव्यासाठी असतं आणि हेतू बघितला जातो.

करवाले वेगळंच कॅलेंडर लावतात

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अनभिज्ञ असतात. अमेरिका जानेवारी ते डिसेंबर मोजते, भारत एप्रिल ते मार्च.

अमेरिकेचा नियम असा: चालू वर्षाचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्यामागच्या वर्षाचा एक षष्ठांश. बेरीज १८३ किंवा जास्त झाली (आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस असले) की व्हिजिटरसुद्धा करापुरता रहिवासी ठरतो. दरवर्षी १८० दिवस राहणाऱ्याचं पहिल्या वर्षी १८०, म्हणजे सुटला. दुसऱ्या वर्षी १८० अधिक ६० म्हणजे २४०. तिसऱ्या वर्षी २७०. दरवर्षी १२१ दिवसांच्या आत राहिलात तर बेरीज कधीच १८३ ला पोचत नाही. १२२ झाले की बरोबर पोचते.

यातून बाहेर पडायला फॉर्म ८८४० आहे. ‘माझं घर, बँक, कुटुंब, कर सगळं भारतात आहे’ असं त्यात सांगायचं असतं. पण त्याची अट आहे की चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस तिकडे असले पाहिजेत, आणि ग्रीन कार्डसाठी पाऊल उचललेलं नसलं पाहिजे. आता बघा: १० एप्रिलला उतरलात, आय-९४ वर ९ ऑक्टोबर मिळाला आणि अगदी त्याच दिवशी निघालात, तर उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून बरोबर १८३ दिवस होतात. एका दिवसाने फॉर्म हातचा गेला.

म्हणून व्हिजिटर व्हिसावाल्यांना आमचा सल्ला ठाम आहे: १५ एप्रिलच्या सुमारास जा आणि ३० सप्टेंबरला निघा. तिकडचे १६९ दिवस होतात. ऑक्टोबर ते मार्च हेच १८२ दिवस, त्यात एप्रिलचे चौदा-पंधरा, म्हणजे भारतातली १८२ दिवसांची रेषाही आरामात ओलांडली जाते आणि तुम्ही निःसंशय भारताचे करनिवासी राहता. दोन्हीकडच्या काठांपासून पंधरा-पंधरा दिवस लांब. विमान रद्द झालं, ताप आला, तरी गणित मोडत नाही.

ग्रीन कार्डधारकाला मात्र पहिल्या दिवसापासून जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं: पेन्शन, एफडीचं व्याज, भाडं. भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फिनसेन फॉर्म ११४, भरायचा. एफडी आणि जोड खाती यात धरायची. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. भारतातल्या म्युच्युअल फंडांवर तिकडे वेगळे आणि जाचक नियम आहेत, त्यामुळे कार्ड हातात येण्याआधी एकदा दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सीएकडे बसा. कार्ड घेऊन तिकडे स्थायिक होणाऱ्याने पुण्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायचं असतं. त्यानंतर व्याजावर ३० टक्के आणि उपकर असा टीडीएस कापला जातो, आणि ‘टीडीएस कापू नका’ असं सांगणारा १५एच भरून तो टाळता येत नाही, कारण तो फॉर्म फक्त निवासींसाठी आहे.

एक वही करा. डाव्या पानावर भारतात आलो-गेलो, उजव्या पानावर अमेरिकेत आलो-गेलो. बोर्डिंग पास तिथेच चिकटवा.

मागे काय काय येऊन पडतं

एप्रिल ते सप्टेंबर बाहेर राहायचं ठरलं की पुण्याची पुढची कामं तुमच्या गैरहजेरीत येतात. मे अखेरपर्यंत महापालिकेचा मिळकतकर भरला तर सवलत मिळते, थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती. ३१ जुलै ही विवरणपत्राची नेहमीची तारीख, आणि ते आधार ओटीपीने पडताळायचं तर भारतातला नंबर चालू हवा. ३० सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. रीडेव्हलपमेंटचा विषय असेल तर सभेची नोटीस ईमेलवर पाठवा असं सेक्रेटरींना आधीच लेखी देऊन ठेवा.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो आणि तेव्हा तुम्ही घरी असता, ही आमच्या तारखांची आणखी एक जमेची बाजू. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. काही कारणाने नोव्हेंबर तिकडे काढावा लागला, तर भारतीय वकिलातीत दाखल्यावर सही-शिक्का मिळतो. न्यू जर्सीला न्यूयॉर्कची वकिलात लागते.

गणपतीचं काय, हे घरात आधीच ठरवा. भाद्रपद तिकडे येणार. गणपती एकाच घरी बसवायचा, ते घर कोणतं हे भावाभावांत एप्रिलच्या आधी बोलून घेतलं की ऑगस्टमध्ये फोनवर रुसवेफुगवे होत नाहीत.

किल्ली कोणाकडे

उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत, हाकायला खाली कोणीतरी लागतं. तो माणूस तुमच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असावा, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणारा असावा, आणि त्याला नाही म्हणता येत असावं. शेजारच्या काकू कितीही चांगल्या असल्या तरी त्या पंच्याहत्तरीच्या असतील आणि वरच्या मजल्यावरून पाणी गळायला लागलं, तर प्लंबर बोलावून दोन तास उभं राहणं त्यांना जमणार नाही. भाचा, पुतण्या, जुना विश्वासू विद्यार्थी असा कोणी बघा. त्याच्याकडे एक संच, सोसायटीच्या ऑफिसात बंद पाकिटात दुसरा. वॉचमनकडे किल्ली ठेवू नका. वॉचमन बदलतात.

त्याच्यासोबत निघण्याआधी एकदा घरभर फिरा. पाण्याचा मुख्य कॉक कुठे, विजेचा मेन कुठे, गॅसचा व्हॉल्व्ह कुठे, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरचे नंबर काय. हे त्याच्या फोनमध्ये व्हिडिओ करून द्या. महिन्यातून एकदा त्याने तासभर यायचं, आणि त्या तासात काय करायचं ते पुढे येतंच. जाण्यायेण्याचे पैसे आणि काही मानधन ठरवा. फुकटच्या उपकारावर सहा महिने घर चालत नाही.

सह्यांची कामं असतील तर मुखत्यारपत्र पुण्यातच नोंदवून जा, तेच सोपं. कामापुरतं, विशेष मुखत्यारपत्र करा. सगळे अधिकार एकदम देणारं करू नका. तिकडे गेल्यावर गरज पडली तर ते वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालण्यासाठीचा सरकारी प्रमाणशिक्का) करून पाठवता येतं, पण महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची अट बहुतेकांना कामाच्या दिवशी कळते.

फोन

पुण्याचा नंबर म्हणजे बँक, आयकर आणि आधार यांची एकच किल्ली. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. निघण्याआधी वर्षभर वैधता असलेलं रिचार्ज मारा, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. तिकडे या सिमचा डेटा बंद ठेवायचा. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, येणारा कॉल उचलला की मात्र लागतात.

एक नवीन अडचण: मुलं प्रेमाने अमेरिकेत घेतलेला आयफोन हातात देतात. १४ पासूनच्या तिकडच्या मॉडेलमध्ये सिमची खाचच नाही. पुण्याचं प्लास्टिकचं सिम घेऊन तुम्ही बसता, आणि त्याचं ई-सिम करायचं तर ओटीपी त्याच सिमवर येणार. म्हणून ई-सिम करायचं काम पुण्यात असतानाच उरका, नाहीतर जुना फोन ओटीपीपुरता सोबत न्या.

एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर अमेरिकेच्या नंबरवर यूपीआय घेण्याची सोय २०२३ पासून आहे. तुमची बँक ती देते का ते विचारा.

फ्लॅट बंद करणं

हे खरं काम. पुण्याचा पावसाळा जून ते सप्टेंबर, आणि नेमका तेव्हाच फ्लॅट बंद राहतो. बंद घराचे शत्रू तीन: ओल, किडे आणि पाण्याचे पाइप. चोर त्यानंतर येतात.

निघण्याच्या महिनाभर आधी गच्चीशेजारच्या आणि पश्चिमेच्या भिंती बघा. मागच्या पावसात पोपडे आलेली जागा असेल तर आत्ता दुरुस्त करा. खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी वाहून जायची भोकं असतात, ती धुळीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा, नाहीतर जुलैत पाणी आत उतरतं. बाल्कनीची जाळीही साफ करा. पेस्ट कंट्रोल निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणजे वास जायला वेळ मिळतो. वाळवीची शंका असेल तर वेगळी ट्रीटमेंट लागते, झुरळांच्या जेलने वाळवी जात नाही.

याच महिन्यात धान्य आणणं थांबवा. बंद घरात ठेवलेल्या डाळीत पोरकिडे होतात आणि ते तिथून पुस्तकांपर्यंत पोचतात. उरलेलं सगळं देऊन टाका. ‘आल्यावर उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेलं पाच किलो कणीक आल्यावर कोणाच्याही उपयोगी पडत नाही. मसाले, हळद, तिखट हवाबंद बरणीत राहतं. गूळ पाझरतो, ठेवू नका.

कपाटं भिंतीला चिकटलेली असतील तर चार बोटं पुढे ओढा. हवा खेळली नाही की मागे बुरशी धरते. पैठण्या आणि रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत नाहीत, जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळून ठेवा. डांबरगोळ्या कपड्यात बांधून कोपऱ्यात ठेवायच्या, जरीला लागू द्यायच्या नाहीत, ती काळी पडते. लोकरीचे कपडे आणि चामड्याचे जोडे पूर्ण वाळवून मगच आत. कपाटांची दारं बोटभर उघडी.

फ्रिज एक दिवस आधी बंद करा. रात्रभर बर्फ वितळू द्या, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा, सोड्याच्या पाण्याने पुसा, पंख्याखाली वाळवा, आणि दार बंद होणार नाही असा टॉवेल मध्ये अडकवा. दार बंद राहिलेला फ्रिज सहा महिन्यांनी उघडला की रबराच्या घडीत काळी बुरशी असते आणि तो वास कशानेच जात नाही.

इन्व्हर्टर बहुतेक लोक चालू ठेवून जातात किंवा मेन पाडून जातात. दोन्ही चुकीचं. मेन पाडला की इन्व्हर्टरला वीज गेली असं वाटतं, तो बॅटरी संपेपर्यंत चालत राहतो आणि रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने पडून मरते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा, पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा आणि बॅटरीच्या तारा इलेक्ट्रिशियनकडून सोडवून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी किल्लीवाल्याने इलेक्ट्रिशियनला घेऊन यावं आणि ती एकदा चार्ज करून पुन्हा सोडवावी.

गाडीच्या बॅटरीचं ऋण टर्मिनल काढा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक जाम होतात. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकांना विटा लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त. आत खाण्याची एक गोळीसुद्धा ठेवू नका, उंदीर वायरिंग कुरतडतात. विमा तुमच्या गैरहजेरीत संपत असेल तर आधीच भरा.

शेवटच्या दिवसाचा क्रम ठरलेला असावा, कारण तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं:

१. गॅस: शेगडीचे खटके बंद, रेग्युलेटर काढून सिलिंडरवर झाकण. पाइप गॅस असेल तर घरातला व्हॉल्व्ह आडवा.
२. गीझरचं बटण बंद, नंतर त्याचा पाण्याचा कॉक. वॉशिंग मशिनचा कॉक. शेवटी घराचा मुख्य कॉक, आणि मग एक नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका.
३. फ्लशच्या टाक्या रिकाम्या. नंतर प्रत्येक मोरी, बेसिन आणि बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी, वर दोन चमचे खाद्यतेल. जाळीखालच्या वळणात पाणी साठलेलं असतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. उन्हाळ्यात ते वाळून जातं, तेलाचा थर ते वाळणं लांबवतो.
४. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची टाकी रिकामी करून वाळवलेली.
५. कचरा बाहेर. दोनदा बघा.
६. सगळे प्लग उपटून. टीव्ही आणि राउटर विशेष करून, वळवाच्या विजा त्यांच्यावरच पडतात. मेन शेवटी.

देवघराचा निर्णय घराघराप्रमाणे. कोणी टाक आणि बाळकृष्ण भावाकडे पोचवतात, कोणी तांदळात ठेवतात. तांदळात ठेवत असाल तर कोरड्या, नव्या तांदळात, आणि किल्लीवाल्याला बघायला सांगा. त्या तांदळातही किडे होतातच.

किल्लीवाल्याचा महिन्याचा तास असा: मेन चालू, खिडक्या उघड्या, पंखे पूर्ण वेगाने, सगळ्या जाळ्यांत पाणी आणि तेल पुन्हा, भिंतींवरून हात फिरवून ओल बघायची, पत्रपेटी रिकामी, विजेच्या मीटरचा फोटो. मीटर कुलपाच्या आत असेल तर महावितरणचं बिल सरासरीने येतं, आणि वापर शून्य असताना तुम्ही सरासरी भरत बसता. फोटोवरून रीडिंग महावितरणच्या ॲपवर टाकता येतं. शेवटी सगळं बंद करून, दाराचा फोटो पाठवून निघायचं.

सोसायटीचा मेंटेनन्स आगाऊ भरून टाका. थकबाकीवर उपविधीप्रमाणे सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत आकारता येतं. बंद घराला बिनभोगवटा शुल्क लागू होत नाही. ते भाड्याने दिलेल्या घराला, आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. कोणी बंद घरावर लावलं तर १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश दाखवा.

सहा महिन्यांसाठी घर भाड्याने द्यावं का? आमच्या मते नाही. भाडेकरूच्या नोंदणीकृत कराराचा खर्च, रंगरंगोटी, सामान हलवणं यात भाडं जातं, आणि ऑक्टोबरात तो निघालाच नाही तर तुम्ही हॉटेलात.

बॅगेत काय नाही

एडिसनच्या ओक ट्री रोडवर, म्हणजे तिथल्या भारतीय बाजारात, पोहे, ज्वारीचं पीठ, कोकम सगळं मिळतं. न्यायचं ते घरचं: गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. तांदूळ, हरभरे आणि काबुली चणे, सोयाबीन, करडई हे भारतातून प्रवाशाच्या सामानात नेता येत नाही, साठवलेलं धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंग्यामुळे २०२१ पासून बंदी आहे. ताजा कढीपत्ता, ताजी फळं, मांस नाही. जे नेताय ते कस्टम्सच्या प्रश्नाला ‘हो, खायच्या वस्तू आहेत’ असं सांगून टाका. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड होतो. आणि दुबईमार्गे जात असाल तर खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थांत मोडते, अनारशांसाठी होती हे सांगून सुटका होत नाही.

स्वतःचे दागिने नेणार असाल तर मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत येताना ते तिकडे विकत घेतले असं कोणी म्हणणार नाही. त्याहून बरं, लॉकरमध्ये ठेवा.

तिकडे वीज १२० व्होल्टची, इकडे २३० ची. इथला मिक्सर तिकडे रडतो, तिकडची किटली इथे जळते. तिकडच्या स्वयंपाकघरासाठी ११० व्होल्टचा भारतीय बनावटीचा मिक्सर मिळतो, तो घ्या. प्रेशर कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र पुण्याहून दोन-दोन न्या. चष्मा, चपला, बीपीचं यंत्र, चालायची काठी या सगळ्याचे दोन संच दोन घरी ठेवले की बॅग निम्मी होते.

औषधं मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी रसायनाचं नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिकडच्या फार्मसीला कळत नाहीत. नावंही वेगळी असतात: पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल.

विमा घेताना स्वस्ताच्या नादी लागू नका. प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी आणि वजावटीनंतर बिलाचा मोठा हिस्सा उचलणारी पॉलिसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी घ्या. आधीपासून असलेल्या मधुमेह-बीपीचं अचानक उद्भवलेलं दुखणं त्यात धरलंय का, आणि तुमच्या वयाला मर्यादा किती, एवढी दोन कलमं शब्दशः वाचा. दात, डोळे, चष्मा आणि नेहमीच्या तपासण्या मार्चमध्ये पुण्यातच उरका. पुण्याची मेडिक्लेम पॉलिसी मात्र कधीही खंडित करू नका, म्हातारपणी नवी सहजासहजी मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ६५ नंतर मेडिकेअर (तिकडचा सरकारी आरोग्य विमा) विकत घेता येतं ते सलग पाच वर्षं राहिल्यावर, आणि ते पुण्यातल्या दवाखान्यात चालत नाही.

तिकडचं घर

मुलांकडे राहत असाल तर बंद करायचं काही नसतं. स्वतःचा छोटा काँडो म्हणजे फ्लॅट असेल तर तिकडचा शत्रू थंडी. हीटिंग पूर्ण बंद करू नका, ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की पाइप गोठून फुटायचा धोका वाढतो. पाण्याचा मुख्य कॉक बंद. घराच्या विम्यात ठरावीक दिवस घर रिकामं राहिलं तर भरपाई नाही असं कलम असतं, ते शोधा. टपाल खातं पत्रं जास्तीत जास्त ३० दिवस धरून ठेवतं, त्यापुढे मुलांच्या पत्त्यावर वळवा.

परतल्यावर

किल्लीवाल्याला सांगून दोन दिवस आधी घर उघडून झाडून घ्या आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चालू आहे का ते बघायला सांगा. पहाटे चारला मुंबईहून टॅक्सीने पोचाल, तेव्हा क्रम असा: आधी खिडक्या, मग दिवा. गॅसचा वास येत नाही याची खात्री झाल्याशिवाय कोणतंही बटण नाही. मुख्य कॉक हळूहळू उघडा. पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी येतं, वाहू द्या. गीझरचा कॉक उघडून गरम पाण्याच्या नळाला धार लागली की मगच त्याचं बटण. रिकाम्या टाकीत कॉइल जळते आणि बहुतेक गीझर परतल्याच्या पहिल्या सकाळीच जातात. फ्रिज रिकामाच चार तास चालवा. शुद्धीकरण यंत्रातलं पहिल्या दोन टाक्यांचं पाणी ओतून द्या, तोवर उकळलेलं प्या. इन्व्हर्टरच्या तारा इलेक्ट्रिशियनच जोडेल, तुम्ही हात लावू नका. आणि दूध, ब्रेड, केळी, दोन वेळचे पोळी-भाजीचे डबे आधीच सांगून ठेवलेले असू द्या. त्या दिवशी कुकर लावायचा नाही.